कुंभ राशीचं पाणी

१६ डिसेंबर, रात्री साडेनऊ
धनुर्मास लागला. आजपासून पहाटे पाचला उठायचं, असा निश्चय होता. आठला उठलो. यात माझा दोष नाही. या महिन्यात पहाटे हरिदासू भजनं गात, चिपळ्या वाजवत दारावरून जातो, त्या आवाजाने जाग येईल असा हिशोब होता. तो आज हळू गायला. उद्यापासून पाच म्हणजे पाच.

ही रोजनिशी आजपासून सुरू. कुणी वाचावी म्हणून नव्हे. मोठ्या संपादकांच्या रोजनिशा असतात, म्हणून.

आजच्या 'डेल्टा सिंहनादम'चा अग्रलेख डॅन्यूब नदीच्या प्रदूषणावर. झणझणीत उतरला आहे. युरोपातल्या झाडून सगळ्या सरकारांना जाब विचारला. संध्याकाळपर्यंत एकाचंही उत्तर नाही. तंतरली असावी. आमच्या पेपराच्या नावाखाली सिंहाच्या पंजाजवळ छापलेलंच असतं : 'घाबरणं आम्हांला ठाऊक नाही.' वाक्य माझं. सिंह छापखान्यातल्या ब्लॉकवाल्याचा.

भ्रमरांबा म्हणाली, नळाच्या पाण्याला वास येतोय. म्हटलं, तुला सर्दी झाली असेल. म्हणाली, सर्दीत वास जातो, येत नाही. बायकोशी वाद घालू नये.

पोट किंचित बिघडलंय. कालची गोंगुऱ्याची चटणी.

१७ डिसेंबर
सव्वाआठ. प्रगती नाही, पण घसरणही फार नाही.

नूकराजू आला. हा आमचा बातमीदार. उरलेल्या वेळात विमा विकतो. मी त्याला नेहमी सांगतो, दोन्ही धंदे एकच, लोकांना घाबरवायचं. पण आज तो मलाच घाबरवायला आला होता. म्हणे, चक्रपाणी गारूंच्या 'जलधी सी फूड्स'मध्ये कोळंबी धुतलेलं घाण पाणी पाइपाने थेट कालव्यात सोडतात. कालवा येतो गावाच्या तळ्यात आणि तळं येतं नळात. विणकर गल्लीत घरटी एक माणूस पिवळं झालंय. फोटो आणले होते. पाइपाचे, मेलेल्या माशांचे, दवाखान्याच्या रांगेचे. पहिल्या पानावर, पूर्ण रुंदीत हवं म्हणाला.

त्याला शांतपणे समजावलं. पत्रकारितेत घाई नसते. दुसरी बाजू ऐकावी लागते. नूकराजू म्हणाला, दुसरी बाजू दर रविवारी आपल्या शेवटच्या पानावर पानभर रंगीत असतेच की.

हे त्याचं बोलणं हलकटपणाचं होतं. चक्रपाणी गारूंची जाहिरात आणि ही बातमी यांचा काहीही संबंध नाही. मुद्दाम लिहून ठेवतो. संबंध नाही.

१८ डिसेंबर
दुसरी बाजू ऐकायला स्वतः गेलो. जाताना असे प्रश्न लिहून नेले होते की समोरच्याला घाम फुटावा.

चक्रपाणी गारूंनी गेटपर्यंत येऊन स्वागत केलं. एवढा मोठा माणूस, पण मला पाहिलं की खुर्चीत बसून राहत नाही. फिल्टर कॉफी आली. पूतरेकुलू आले, कागदासारख्या पापुद्र्यांची मिठाई, तुपाने निथळणारी. तूप प्रश्नांच्या कागदावर सांडलं आणि शाई फुटली. प्रश्न वाचताच येईनात. पण माणूस इतका मोकळा की न विचारता उत्तरं देत सुटला. म्हणाले (मलाही आदराने 'गारू'च म्हणतात), सुदर्शनम गारू, उन्हाळ्यात कालवा कोरडा पडतो तेव्हाही आमचं पाणी चालूच असतं. आम्ही घेत नाही हो, देतो.

ही बाजू नूकराजूला दिसलीच नव्हती. एका डोळ्याने बघणाऱ्याचं असंच होतं.

उद्याचा मथळा : 'जलधी'चं कालव्याला बारमाही जलदान. पाइपाचा फोटो वापरला. मेलेले मासे कापले, जागा नव्हती. बातमीला नूकराजूचंच नाव दिलं. मन मोठं ठेवावं लागतं.

१९ डिसेंबर
नूकराजू ऑफिसात येऊन स्वतःचं नाव खोडून दे म्हणाला. छापलेलं कसं खोडणार? मग प्रेसकार्डाचा पट्टा टेबलावर ठेवून गेला. जाताना म्हणाला, विम्यात निदान माणूस मेल्यावर तरी खरं सांगावं लागतं.

असे पुष्कळ येतात आणि जातात. सिंहनादम चालूच राहतं.

रात्री पोटात मुरडा. पूतरेकुलूचं तूप जड असणार.

२१ डिसेंबर
घरात अडचण.

शेजारच्या रत्तम्माची नात चिट्टी. सात-आठ वर्षांची. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात भ्रमरांबाजवळ बसून ठिपके मांडायला शिकते. पहाटे बायका दारोदारी पिठाची रांगोळी, मुग्गू काढतात, त्यात हिलाही काढायचा असतो. पीठ तिच्या चिमटीतून सरळ पडत नाही, मग भ्रमरांबा तिचा हात धरते. माझ्या पुरवणीच्या गठ्ठ्यावर बसते म्हणून मी एकदा ओरडलो होतो. तेव्हापासून उभी राहूनच माझ्याकडे बघते.

ती दोन दिवस आली नाही. आज कळलं, डोळे पिवळेधमक झालेत. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली.

भ्रमरांबाने जेवताना सरळ विषय काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पेपरात अमुक छापा असं ती कधी म्हणालेली नाही. वाचते की नाही, याचीच मला शंका होती. आज म्हणाली, चार ओळी छापा. कुणाचं नाव नको, कारखाना नको. नळाचं पाणी उकळून प्या, एवढंच. तुमचा पेपर घरोघर जातो. कुणाचं तरी पोर वाचेल.

म्हटलं, विचार करतो.

मध्यरात्रीपर्यंत केला. चार ओळी छापल्या तर लोक विचारणार, का उकळायचं? मग कालव्याचं नाव निघणार. कालव्यावरून पाइप. पाइपावरून जलदान. आणि जलदान तर माझ्याच पेपरात. म्हणजे सिंहनादमने सिंहनादमलाच खोटं पाडायचं. हे तत्त्वात बसत नाही.

पण चिट्टीचं वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. यातून वाट काढणार. मी माघार घेणारा नव्हे.

२२ डिसेंबर, दुपार
निघाली वाट! वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असा कामाला येतो.

राशिभविष्य मीच लिहितो. ज्योतिषी सोडून गेला तेव्हापासून. उद्याच्या अंकात, तिसऱ्या पानावर : 'कुंभ : पोटाच्या तक्रारी संभवतात. पाणी उकळून प्यावे.'

कुंभ म्हणजे घडा. घडा म्हणजे पाणी. ज्याला घ्यायचं तो बरोबर घेईल. कुणी दुखावलं नाही, बातमीही दडवली नाही. जनतेला सावध करण्याचं कर्तव्य पार पडलं. इतक्या धाडसाने भविष्य आजवर कुणी लिहिलं नसेल.

२३ डिसेंबर
भ्रमरांबाने भविष्य वाचलं. उरलेल्या अकरा राशींनी काय प्यावं, असं विचारलं.

तिची रास वृश्चिक. नांगी मारणारच.

मग म्हणाली, चिट्टीची मीन आहे. मी अंक काढून पाहिला. मीनेला मी 'प्रवासयोग' लिहिला होता. पोरीला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलंच आहे. म्हणजे भविष्य अचूक आलं. तसं मी म्हणालोही. भ्रमरांबा ताट तिथेच ठेवून उठली. काय चुकलं ते कळलं नाही.

आजचा अग्रलेख : टेम्स नदीकडे लंडनचं दुर्लक्ष. सोडलं नाही.

२६ डिसेंबर
घरात मोठं पातेलं चढलंय. भ्रमरांबा सगळं पाणी उकळते. मला उकळलेलं पाणी दिलं, ते मी परत केलं. सिंहनादमचा संपादक घरात पाणी उकळून पितो, ही बातमी बाहेर गेली तर काय अब्रू राहील? वाचकांनी जे प्यावं तेच संपादकाने प्यावं, हा बाणा आहे. नळाखाली तांब्या धरला आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायलो.

तिने औषधाच्या डब्यातून कसली तरी पुडी काढून माझ्या उशाशी ठेवली.

संध्याकाळी पुडी घेतली. तिचं मन राखायला.

२९ डिसेंबर
बाजारात बदनामी सुरू आहे. बसस्टँडजवळच्या मिरची बज्जीवाल्याकडे गेलो होतो. पोट बरं नाही, पण जनसंपर्क तोडता येत नाही. मागच्या बाकावरचे लोक बोलत होते. एक म्हणाला, सिंहनादम कसलं, मांजर दूध पिताना आवाज करतं तेवढंसुद्धा नाही. दुसरा म्हणाला, कागद मात्र चांगला आहे, तेल पटकन शोषतो. मी पुढच्याच बाकावर आहे हे त्यांना माहीत नसावं. बज्जीवाल्याला माहीत होतं. त्याने मला बज्जी माझ्याच अग्रलेखात बांधून दिली. टेम्सवाल्या.

याला उत्तर दिलंच पाहिजे, आणि शब्दांनी नव्हे, कृतीने. सार्वजनिक नळावर, लोकांसमोर, मी आणि चक्रपाणी गारू उभे राहून पाणी पिणार. फोटो पहिल्या पानावर. बोलणाऱ्यांची तोंडं बंद.

चक्रपाणी गारूंना फोन केला. लगेच तयार झाले. साध्या माणसाचं मन साधं.

३१ डिसेंबर
कार्यक्रम झोकात झाला. मार्केटजवळचा नळ. पंधरा-वीस माणसं, तीन म्हशी. चक्रपाणी गारू मोटारीतून उतरले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता, आधीच भरलेला. ड्रायव्हरने बाटलीतून भरून दिला होता. माझ्या कानात म्हणाले, डॉक्टरांनी कोमट सांगितलंय. तब्येत सांभाळणारा माणूस आहे.

मी नळाचा पेला भरला आणि एका दमात रिकामा केला. फोटोग्राफर म्हणाला, पापणी मिटली. पुन्हा प्यायलो. तो म्हणाला, आता मिशीवर थेंब आलाय, चमकतोय. पुन्हा. चौथ्या पेल्याला फोटो जमला.

रत्तम्मा कडेला उभी होती. जिल्ह्याहून कपडे न्यायला आली असावी. चिट्टी कशी आहे, असं विचारणार होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून गेली. गर्दीत विचारणं बरं दिसलं नसतं.

१ जानेवारी
फोटो उत्तम आला. मथळा : 'अमृत!'

दिवस घरातच काढला. घरातल्या घरात बरंच चालणं झालं.

नववर्षाचे संकल्प :
पहाटे पाच.
कुणाचंही दडपण घ्यायचं नाही.
मिरची बज्जी बंद.

५ जानेवारी
अशक्तपणा आहे, पण आज आनंदाचा दिवस. चक्रपाणी गारू स्वतः घरी आले. संक्रांतीच्या आधी सिंहनादमने मुग्गूंची स्पर्धा घ्यावी, खर्च 'जलधी'चा. दर वर्षी एका गल्लीत होते तशी नाही, अख्ख्या गावाची. प्रत्येकीने आपापल्या दारात काढायचा. विषयही त्यांनीच सुचवला : 'आमच्या गावाचं पाणी'. म्हणाले, चार टवाळ बोलतात, तर गावच्या लक्ष्म्यांच्या हातूनच उत्तर जाऊ दे. आणि सब-कलेक्टर बाईंना बोलवा. उघड्या जीपमधून सगळं गाव दाखवू.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी दूरदृष्टी एखाद्याकडेच असते.

पहिलं बक्षीस त्यांच्या मेव्हणीला द्यायचं आहे. ती मोर फार सुंदर काढते म्हणतात. परीक्षक मी असल्यामुळे निःपक्षपातीपणाला बाधा येत नाही.

भ्रमरांबा चहा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. कुणीही भाग घेऊ शकतं का, असं चक्रपाणी गारूंना विचारलं. ते म्हणाले, का नाही अम्मा, घराघराने घ्यावा. तिने पुन्हा विचारलं, विषय पाणीच ना? ते म्हणाले, पाणीच.

ती कितीतरी दिवसांनी हसली. पेपरच्या कामात आता रस घ्यायला लागली आहे.

६ ते ८ जानेवारी
तिन्ही दिवस पूर्ण पानाची जाहिरात. 'प्रत्येक दारात मुग्गू! प्रत्येक दारात सत्य!' दुसरं वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. शिवाय रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवलं. सिंहनादमच्या कुठल्याही बातमीला इतका प्रतिसाद मिळाला नव्हता. बायका दुपारी आमच्या अंगणात जमतात, भ्रमरांबाभोवती बसून कुजबुजतात, मी खोलीतून बाहेर आलो की गप्प होतात. संपादकाचा दरारा.

डॉक्टर बघून गेले. म्हणाले, पाण्यामुळे आहे. मी डॉक्टर बदलला. दुसऱ्याने सांगितलं, अतिश्रमामुळे आहे, पण पाणी उकळून प्या. त्यालाही बदलणार होतो, गावात तिसरा नाही.

चिट्टीला रक्त चढवलं, असं भ्रमरांबा भिंतीकडे बघून म्हणाली. खोलीत मी एकटाच होतो, म्हणजे मलाच सांगितलं असावं.

९ जानेवारी
उद्या स्पर्धा. पहाटे चारचा गजर लावलाय. सब-कलेक्टर बाईंसाठी भाषणाची तयारी झाली. 'पिठाच्या या शुभ्र रेघांतून आमच्या भगिनींचं पाण्यावरचं प्रेम वाहतं आहे.' हे वाक्य जीपमधून तीनदा म्हणायचं ठरवलंय.

१० जानेवारी, दुपार
अंथरुणात पडूनच लिहितोय. अशक्तपणामुळे.

चारच्या गजराला जाग आली, पण गजरामुळे नव्हे. साडेसातपर्यंत संडासातच होतो. जीपचा हॉर्न वाजला तसा धावत निघालो. भ्रमरांबा दाराशी उभी होती. म्हणाली, खाली बघून जा. मी घाईत, चपला घातल्या आणि गेलो.

जीपमध्ये पुढे सब-कलेक्टर बाई. तरुण आहेत, दूरच्या राज्यातल्या, भाषा अजून शिकताहेत. मागे मी आणि चक्रपाणी गारू.

पहिलं घर लागलं. मी म्हटलं, पिठाच्या या शुभ्र रेघांतून. बाई म्हणाल्या, शुभ्र नाहीये. खाली पाहिलं. ठिपक्यांच्या मुग्गूमध्ये नळ काढलेला, त्यातून कोळशाच्या पुडीने काढलेले काळे थेंब. दुसऱ्या दारात पाइप आणि कालवा. तिसऱ्या दारात पोट वर करून पडलेले मासे, एकेक खवला रंगवलेला. पुढे खाटेवर झोपलेलं पोर, हळदीने पिवळं केलेलं. मी वाक्य पुन्हा म्हटलं. मग गल्लीच्या गल्ल्या तेच. नळ, पाइप, मासे, हळद. वाटेवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून जीप थांबली. ड्रायव्हर म्हणाला, मुग्गूवरून गाडी घालणार नाही, पाप लागतं.

बाई उतरल्या. भाषा न येणाऱ्यालाही वाचता येईल असंच सगळं होतं. रत्तम्माच्या दारात गेल्या. तिथे मुग्गू नव्हता, नुसते ठिपके होते, वाकडेतिकडे, जोडलेले नव्हते. बाईंनी विचारलं, हा अर्धवट का? रत्तम्मा म्हणाली, "काढणारी दवाखान्यात आहे."

 मी वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

चक्रपाणी गारूंनी मोटार मागवली. बसताना बाटलीतलं पाणी प्यायले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि विचारलं, नळाचं नाही पीत? ते म्हणाले, कोमट सांगितलंय.

मग मोरवाल्या मेव्हणीचं दार. मोर छान होता. पण मोराच्या पुढ्यातही तळं काढलं होतं आणि तळं काळं होतं. तिचाही मुलगा आजारी आहे म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी आमचं दार. अख्ख्या गावातला सगळ्यात मोठा मुग्गू. मध्यभागी मिशीवाला माणूस, हातात पेला, मिशीवर थेंब. पहिल्या पानावरच्या फोटोतलाच, हुबेहूब. त्याच्या शेजारी तोच माणूस, हातात तांब्या, पळताना. आणि पळणाऱ्या माणसाच्या तोंडावर चपलेचा ठसा. सकाळी जाताना मीच उमटवलेला.

खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'नळाचं पाणी उकळून प्या. बाराही राशींनी.'

सब-कलेक्टर बाईंनी त्याचा अर्थ विचारला. बाकीच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी अर्थ सांगितला. माझ्या तोंडून जाहीरपणे बाहेर पडलेली ती पहिलीच खरी बातमी, असं नूकराजू मागून म्हणाला. तो कशाला आला होता कोण जाणे.

१० जानेवारी, रात्र
उद्याच्या अंकाचा प्रश्न.

भ्रमरांबाशी बोलणार होतो. कडक शब्दांत. नवऱ्याची अशी शोभा करणं कुठल्या शास्त्रात बसतं? पण ती आधीच बोलली. म्हणाली, "चार ओळीच मागितल्या होत्या. तुमच्याकडे आठ पानं होती."

आणि झोपली. पहाटे उठायचं असतं तिला.

छापणार. उद्या सगळं छापणार. पाइप, मासे, ठिपके, सगळं. आठ कॉलम. घाबरणं आम्हांला ठाऊक नाही.

११ जानेवारी
मोराचा फोटो छापला. तळं क्रॉप केलं.

मथळा : 'मुग्गूंच्या स्पर्धेत भगिनींचा उदंड उत्साह'. घाईत इतकंच जमलं. चक्रपाणी गारूंचा फोन आला होता, हे कारण नाही. लिहून ठेवतो, कारण नाही.

बाकीच्या पेपरांनी सगळं छापलं. आमच्या दारासकट. गावातल्या प्रत्येक फोनवर चपलेचा ठसा उमटलेला माझा चेहरा आहे. बज्जीवाल्याने तो कढईमागे चिकटवलाय.

पेपर टाकणारा म्हणाला, आज अर्ध्या घरांनी अंक परत दिला. आमचं दारातच छापून झालंय, म्हणाले.

१३ जानेवारी
काल बाईंनी माणसं पाठवून पाइप बंद केला, कारखान्याला सील ठोकलं. तळ्यातलं पाणी तपासायला नेलं. टँकर सुरू झाले.

मी ताबडतोब पूर्ण पान सोडलं : 'सिंहनादम इम्पॅक्ट! आमच्या स्पर्धेमुळे गावाला न्याय!' यात खोटं काय आहे? स्पर्धा कुणाची होती? भोंगा कुणाचा होता? 'प्रत्येक दारात सत्य' हे वाक्य कुणाचं होतं? इतिहासाला नोंद घ्यावीच लागेल. मी झुकलो नाही. शेवटपर्यंत नाही.

रविवारची जाहिरात बंद झाली. शेवटचं पान पांढरं जाणार. त्यावर काय छापायचं, सुचत नाहीये.

१४ जानेवारी, भोगी
साडेआठला उठलो. पहाटेची होळी चुकली. गल्लीच्या तोंडाशी राख होती. भोगीला घरातलं जुनं, निरुपयोगी असेल ते जाळतात. पोरं जळण मागायला आली तेव्हा भ्रमरांबाने माळ्यावरचे सिंहनादमचे जुने गठ्ठे दिले. सगळे. डॅन्यूबही गेला. पोरं म्हणाली, पेटले मात्र झकास. छापील शब्दांत आग असते, हे मी नेहमीच म्हणत आलोय.

चिट्टी काल घरी आली. आज रत्तम्माकडे तिला बोरांनी न्हाऊ घातलं. मी गेलो. बोलावलं नव्हतं, पण शेजार आहे. पोर काडीसारखी झालीय, डोळे मात्र पांढरे झालेत. डोक्यावरून बोरं ओघळली तशी हसली. मला पाहिल्यावर उठून उभी राहिली. मी म्हटलं, बस, बस. खाली पुरवणी नाहीये. तरी उभीच राहिली. मग मीच तिच्याजवळ जमिनीवर बसलो. बसताना गुडघा फार दुखला. कुणी मला गुळाचे आरिसे खायला दिले, आणि एका पेल्यात पाणी. पेला हातात धरून किती तरी वेळ बसलो. रत्तम्मा म्हणाली, "प्या. उकळलेलं आहे."

घरी आलो. तहान लागली होती. पातेल्यात पाणी संपलेलं, टँकर यायचा. नळाला पाणी आलं होतं, स्वच्छ दिसत होतं. तांब्या धरला आणि तसाच थांबलो. तपासणीचं काय झालं? नगरपालिकेत फोन केला, सणाची सुट्टी. नूकराजूला केला, उचलला नाही. सवयीने आजचा सिंहनादम उघडला. पहिल्या पानावर संक्रांतीच्या शुभेच्छा, तिसऱ्यावर भविष्य. त्यात काही नव्हतं. कुठून असणार, मीच लिहिलं होतं.

शेवटी तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. भ्रमरांबा पीठ चाळत होती. विचारलं, नळाचं पाणी आता चालेल का गं? काही कळलं का?

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "उद्या दारात लिहिते. वाचा."

उद्यापासून पहाटे पाच. लोकांच्या पायांनी पुसलं जायच्या आत वाचायला हवं.